परक्या नंबरचं विमान

४ जानेवारी १९८३, दिवाळे
नात सुरेखा जुहूच्या क्लबातून विमानाचं लायसन घेऊन आली. मिठागराची जमीन नव्या शहरात गेली, तिचं पैसं बापानं हिच्या शिकन्यात घातलं. मी म्हटलं, जमीन होती, हवा झाली. तरी लायसनाला हळदकुंकू लावलं. डाग पडला म्हनून रागावली.

९ जाने.
शेजारची हिरू म्हनाली, सुरेखाला सांग, मना पन विमानात फिरव. दोन पापलेट दिली. घेतली. होडीत बसवलं की मासा घेतातच, त्यात काय. दुपारी कालवन खाता खाता सुरेखाला सांगितलं, तिनं ताटातला हात मागे घेतला. "आजे, हे खाजगी लायसन हाय. मानसं बसवता येतात, भाडं घेता येत नाय. मासा पन भाडंच. लायसन जाईल माझं."
अर्धं पोटात गेलेलं. धक्क्यावरून दुसरी दोन आनून हिरूला परत केली. म्हनते, "का गं, विमान बुडालं काय?" मेली.

२१ जाने.
क्लबात गोरा म्हातारा आलाय, स्वताचं विमान घेऊन. शेपटीवर त्याच्या देशाचा नंबर. हिला म्हनाला, घेऊन जा, एक फेरी मार. हिचा जीव त्यात अडकलाय, जेवताना हातानं पंख करून दाखवते. तरी नाय म्हनून आली.
मी म्हटलं, मालक देतो, वर कोन बघायला बसलाय?
मालकाचं हो पुरत नाय म्हने. हिचं लायसन आपल्या देशाच्या नंबरावर चालतं. परक्या नंबराला त्या देशाचा कागद पायजे. अर्ज केलाय.
बापासारखी हेकट. बरं हाय.

२ फेब्रु.
कागद नाय. कोळंबी विकून येताना मी रोज बेलापूरच्या पोस्टात विचारते. आज पोस्टमन मना बघून मागल्या दारानं...

११ फेब्रु.
गोरा परवा जातो, विमान घेऊन. निरोप दिला, नुसत्या बसा, मी चालवतो, आजीला पन आना. तसं चालतं म्हने. सुरेखा विचारते, येतेस? तोंड एवढंसं.
मी म्हटलं, "तू चालवशील तवा बसन. परक्याच्या हाती कशाला?"
"आनि कागद तो गेल्यावर आला तर?"
"तर परत बोलवू त्याला. सांग, आजीनं बोलावलंय."
हसली. भात परत घेतला.
उद्या एकच दिवस हाय. पोस्ट दहाला उघडतं.