हिशेब न मागणारे पैसे

५ ऑगस्ट

शाळेत बोलावलं होतं. मला वाटलं, पोरीने काहीतरी केलं. केलंच होतं — सांगून टाकलं होतं! आम्ही कुठे राहतो ते.

समुपदेशक बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या की ज्यांना घर नाही आणि बारावीचं वर्ष आहे अशा मुलांना एक संस्था दर महिन्याला पैसे देते. परीक्षेपर्यंत, आणि नंतरही काही महिने. थेट मुलांच्या खात्यात. कशावर खर्च केले ते संस्था विचारत नाही, शाळा विचारत नाही. पालकांनीही विचारू नये अशी विनंती आहे.

पोर माझी, आणि विचारायचं नाही मी.

'घर नाही' हे त्या म्हणाल्या तेव्हा मी टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीकडे बघत होतो. वर्ष होत आलं, गिऱ्हाइकांना, मेहुण्याला, जुन्या शेजाऱ्यांना मी काय काय थापा मारल्या. जरा लांब राहतो. जागा बघणं चालू आहे. आणि हिने एका दमात सगळं ओकून टाकलं.

बाहेर आल्यावर विचारलं, का सांगितलंस. म्हणाली, बाईंनी विचारलं. जसं काही किती वाजले ते विचारलं.

७ ऑगस्ट

बोलायला कोणी नाही म्हणून लिहितो.

गाद्या शिवायचं दुकान होतं माझं. वडिलांपासूनचं. मग लोक तयार गाद्या घ्यायला लागले, गुंडाळून खोक्यात येतात त्या. आधी कारागीर गेला, मग दुकान, मग दुकानावर काढलेल्या कर्जात घर. राहिली ती सामानाची गाडी. बायको धाकट्याला घेऊन भावाकडे गेली. 'तात्पुरतं' म्हणाली. थोरलीने बारावीला शाळा बदलणार नाही असं ठणकावून सांगितलं, म्हणून ती माझ्याकडे. म्हणजे गाडीत. मागे शिलाई मशीन, कापसाचे गठ्ठे आणि ती. पुढच्या सीटवर मी.

गाडी गोदामाच्या मागे लावतो. तिथला वॉचमन नळ वापरू देतो. मला 'मालक' म्हणतो. कुजकट आहे की सवय आहे, अजून कळलं नाही.

१ सप्टेंबर

पैसे आले. तिने फोन दाखवला. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

३ सप्टेंबर

ती आता सकाळी पोहण्याच्या तलावावर जाते. पोहायला नाही, तिथे गरम पाण्याचा शॉवर असतो म्हणून. महिन्याचा पास काढला. केस ओले घेऊन येते आणि माझ्यासमोर वही उघडून बसते. चेहरा वेगळाच दिसतो. इतके दिवस गाडीत तो असा नव्हता.

येताना माझ्यासाठी मोजे आणले. मी म्हटलं, मला नकोत. दिवसभर ते डॅशबोर्डवर पडून होते. नंतर घातले. पाय गार पडले होते.

१९ सप्टेंबर

आज तिने पेट्रोलचे पैसे दिले. पंपावरच्या पोऱ्यासमोर. मी खिशात हात घालून उभा. बापाला पोसते पोरगी — त्याच्या तोंडावर लिहिलेलं वाचलं मी. कदाचित त्याने बघितलंही नसेल.

११ ऑक्टोबर

पैसे साठवते. बूट फाटलेत, नवे घेत नाही. दुपारी शाळेत मिळतं तेवढंच खाते. विचारायचं नाही हे माहीत आहे, तरी विचारलं — कशासाठी? म्हणाली, "आहे एक काम."

काम! बापाला सांगता येत नाही असं काम. आईशी मात्र रोज फोन. गाडीच्या मागे जाऊन, दबक्या आवाजात. मी जवळ गेलो की अभ्यासाच्या गोष्टी सुरू होतात.

१४ ऑक्टोबर

बोललो नाही. तीही नाही.

२ नोव्हेंबर

तिला ताप. डॉक्टरकडे नेलं. औषधाला माझ्याकडे पुरत नव्हतं. तिने कार्ड दिलं आणि नंबर सांगितला — धाकट्याचा वाढदिवस. औषधं आणली, कार्ड परत तिच्या पिशवीत ठेवलं. मुद्दाम तिच्या डोळ्यांदेखत.

दिवसभर डोक्यावर पट्ट्या ठेवल्या. ग्लानीत म्हणाली, बाबा, खिडकी लावा. गाडीला मागे खिडकी कुठे आहे?

२३ नोव्हेंबर

दुष्काळात तेरावा महिना. गिअरबॉक्स गेला. दोन सोफे आणि एका हॉस्टेलच्या गाद्यांचं काम हातात होतं, गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन करायचं. गाडी हलेना. मेकॅनिकने आकडा सांगितला. मी हसलो, तो हसला नाही.

२५ नोव्हेंबर

मागितले. जन्मात कधी वाटलं नव्हतं. समजावून सांगितलं तिला — गाडी चालली तर काम, काम असलं तर सगळं. उसने दे, परत करतो.

तिने पुस्तकातून डोकं वर काढलं. मग म्हणाली, "नाही, बाबा. गाडी दुरुस्त झाली की आपण गाडीतच राहू."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! गाडी आहे म्हणून डोक्यावर छप्पर आहे हे हिला कोण सांगणार?

हॉस्टेलचं काम दुसऱ्याला गेलं.

३० नोव्हेंबर

मला कुणी असे दिले नाहीत. दुकान बुडत होतं तेव्हा बँकेने कागद मागितले, मेहुण्याने तारण मागितलं. शेजाऱ्याने नुसताच सल्ला दिला. हिला मात्र न मागता. का तर हिचं वय सतरा. सत्तेचाळीसाव्या वर्षी माणूस बेघर झाला तर ती त्याची चूक असते.

समजा दिले असते मला. तर? दुकानाच्या थकलेल्या भाड्यात घातले असते. दुकान तरीही गेलं असतं. हे लिहितोय कारण कुणी वाचणार नाही.

४ डिसेंबर

ती तलावावर गेली होती. पिशवी गाडीतच होती, कार्ड पिशवीत.

घेतले. सगळे नाही. बरेचसे.

चोरले असं लिहिणार नाही. उसने आहेत.

७ डिसेंबर

गाडी झाली. कोपऱ्यावरून वळवून गोदामामागे आणली तेव्हा ती वॉचमनच्या बाकावर वाचत बसली होती. म्हणाली, सुरू झाली का. म्हटलं, झाली. कशी, म्हणाली. मी म्हटलं, मेकॅनिक भला माणूस आहे, उधारीवर करून दिली.

तिने मान हलवली. वहीत खूण घालून वही मिटली.

"बाबा, पैसे काढले की फोनवर मेसेज येतो."

म्हणजे माहीत होतं तिला. तीन दिवस माहीत होतं, आणि ती माझ्याबरोबर जेवत होती.

काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो — परत करणार होतो, काम सुरू झालं की पहिलं तुझंच. ती ऐकत होती. मग तिने सांगितलं. आईने एक खोली बघितली होती. साधी, पण नळ आतच. मालकाला डिपॉझिट हवं होतं, नव्या वर्षाच्या आधी. आई तिथेच जवळ शिवणकाम धरणार होती. चौघांसाठी होती खोली. आता मालक थांबणार नाही.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं, तर गाडी दोन आठवडे आधीच दुरुस्त झाली असती."

वॉचमन ऐकत होता. नळ बंद करायला म्हणून उठून गेला. नळ बंदच होता.

८ डिसेंबर

बायकोला फोन केला. उचलला नाही.

१८ डिसेंबर

बाईंकडे गेलो. स्वतःहून. वाटलं, बोलतील, झापतील, सही घेतील कशावर तरी. माणसाला शिक्षा झाली की बरं असतं, संपतं एकदाचं. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, तिने काही तक्रार केलेली नाही. मी विचारलं, आता पैसे बंद होतील का. म्हणाल्या, "नाही. पैसे तिचे आहेत. गेले ते कसे गेले हे कुणी विचारणार नाही."

पाणी द्यायला विसरल्या. की विसरल्या नाहीत.

१ जानेवारी

आले पैसे. ठरल्या दिवशी, ठरले तेवढे. मी चोरूनही! इतका विश्वास मी कधी कुणावर टाकला नाही. स्वतःच्या पोरीवर तर नाहीच.

'चोरूनही' लिहिलं. राहू दे.

आता खातं दुसऱ्या बँकेत आहे. तिने लपवलं नाही, सहज सांगितलं.

२६ जानेवारी

काम मिळतंय. एका वसतिगृहाच्या गाद्या उसवून परत भरायच्या आहेत. दाभण धरून बोटाला भोकं पडली. मिळाले त्यातले तिच्या हातात ठेवले. तिने मोजले, बाजूला ठेवले, 'ठेवते' म्हणाली. मला वाटलं होतं आणखी काही म्हणेल. काय म्हणायला हवं होतं, ते मलाही माहीत नाही.

१२ फेब्रुवारी

वॉचमन तिला संध्याकाळी त्याची केबिन देतो. दिवा आहे, टेबल आहे. तो स्वतः बाहेर उभा राहतो. मी म्हटलं, बसा की गाडीत. म्हणाला, नको मालक, तुमचं घर आहे ते.

कुजकट नव्हता तो. एवढ्या दिवसांनी कळलं. आणि त्यानेच जास्त लागलं.

२ मार्च

पहिला पेपर. शाळेच्या फाटकापर्यंत सोडलं. नमस्कार करेल असं वाटून मी खाली उतरलो होतो. ती मागे न बघता आत गेली. बाकीच्या मुलांचे बाप फाटकाला चिकटून उभे होते. मीही उभा राहिलो. तेवढ्याला तरी कुणी नाही म्हणू शकत नाही.

२४ मार्च

शेवटचा पेपर झाला. पिशवी आधीच भरलेली होती. थेट आईकडे गेली. जाताना मशीनशेजारचं तिचं अंथरूण घडी घालून ठेवलं, दोरीने बांधलं.

गाडीत आता पाय पसरून झोपता येतं. झोप येत नाही.

२१ मे

पास झाली. चांगली पास झाली. मेसेज आला. आई, बाई आणि मी — तिघांना एकच मेसेज.

वॉचमनला पेढे द्यायला गेलो. म्हणाला, मालक, मला कालच फोन आला होता तिचा.

३ जून

बायकोचा फोन! स्वतःहून. खोली मिळाली. तीच नव्हे, दुसरी. पोरीने राहिलेले पैसे घातले, मी परत केलेलेही घातले. बायको कामाला लागली. धाकट्याची शाळा पायी जाण्याइतकी जवळ आहे. आणि म्हणाली, "गाद्या लागतील. शिवून द्याल का?"

हे काय विचारणं झालं? म्हटलं, माप पाठवा. चांगला कापूस घालतो, वीस वर्षं बसणार नाही असा. मग म्हणाली, पाठवते.

बाजारात जाऊन खोळीचं कापड बघून आलो. निळं घ्यावं. पोरीला निळं आवडतं. धाकट्याची उंची आता किती असेल? त्याची जरा लांबच शिवतो, वाढतं वय आहे. वॉचमनला सांगून टाकलं की महिनाअखेर मी इथून जाईन. त्याने हात हातात घेतला.

५ जून

माप आलं. पोरीने पाठवलं, कागदावर नीट आखून. दार कुठे, खिडकी कुठे, कुणाची गादी कुठे.

तीन आहेत.

दुपारी खोळी कापायला घेतल्या.