खरं सांगण्यावरचं माझं भाषण

२ ऑक्टोबर
११ तारखेच्या केंद्राच्या कार्यक्रमात भाषण मलाच करायचंय! मरणाच्या दारातल्या माणसांची सेवा जगात कशी सुरू झाली, कशी वाढली — वीस मिनिटांत. शुश्रूषा केंद्रात स्वयंसेवक होऊन मला जेमतेम दोन महिने झालेत, पण इतिहासाचा निवृत्त मास्तर तिथं मी एकटाच. गुलमंडीतून नवा कुर्ता आणला. भाषणाचा पत्ता नाही, कुर्ता तयार!

५ ऑक्टोबर
लिहिलं. युरोपातल्या मठांत दमल्याभागल्या, आजारी वाटसरूंना आसरा मिळायचा, तिथून १९६७ला लंडनमधलं पहिलं आधुनिक शुश्रूषा केंद्र, १९८६ला मुंबईत भारतातलं पहिलं, मग केरळात शेजारपाजारची माणसंच घरोघरी जाऊन सेवा करू लागली. शेवटचं वाक्य — 'रुग्णाशी खोटं बोलू नका, ही पहिली सेवा.' आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. स्वतःवर बेहद्द खूश!

७ ऑक्टोबर
सिल्लोडचे पुंजाराम. पोटाचा कॅन्सर, आता उपचार नाहीत. मुलगा इंद्रजीत आल्या दिवशीच हात जोडून म्हणाला होता, "आबांला सूज आली एवढंच माहितंय. काही सांगू नका." आज पेपर वाचून दाखवत होतो, तर मधेच — "गुरुजी, दिवाळी घरी व्हईल ना माझी?" आणि मी? "होईल म्हणजे काय, फराळाला मीच येतो!" वर पाठीवर थाप. वा रे पहिली सेवा!

८ ऑक्टोबर
नर्स विशाखानं झापलं. "सर, 'मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारू' असं म्हणायचं. फराळ कशाला काढलात?" पुंजारामांची लेक सायली नांदेडला असते. आज यायची होती. यांनी कालच फोन करून थांबवलं — "आता नको, दिवाळीला गावाकडंच ये, गुरुजी म्हणत्यात." गुरुजी म्हणत्यात! डॉक्टर तर आठवड्याचीही खात्री देत नाहीत. उद्या इंद्रजीतशी बोलतोच.

९ ऑक्टोबर
नाही बोललो. कुर्त्याला इस्त्री केली.

११ ऑक्टोबर
भाषण झालं. शेवटच्या वाक्याला टाळ्या! मागं चाकाच्या खुर्चीत पुंजाराम बसले होते, ते मला दिसलेच नाहीत. माणसं पांगल्यावर म्हणाले, "लई भारी बोलले गुरुजी. मग माझं खरं कवा सांगता?"

हातातला पेढा तसाच खिशात टाकला. "मी खोटं बोललो," एवढंच कसंबसं म्हणालो आणि रडायला लागलो. नाक पुसलं ते नव्या कुर्त्याच्या बाहीलाच. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी शेजारी बसून सगळं सावकाश सांगितलं. इंद्रजीत भिंतीकडे तोंड करून उभा होता. पुंजाराम कुणावरच चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं मला.

"सायलीला बोलवा," म्हणाले. "ती तर बुधवारीच येत व्हती. म्याच नाय म्हणलो."

फोन लावून दिला. पहिल्या बसनं निघते म्हणाली.

१२ ऑक्टोबर
पुंजाराम गेले. सायलीची बस तेव्हा शहराच्या वेशीवर, चिकलठाण्यापर्यंत आली होती.