गुरुवारी झोपायला येणाऱ्या बाई

८ जानेवारी
त्या बाई आज पुन्हा आल्या. खिडकीजवळच्या गादीवर आडव्या झाल्या, "जरा बघते हं" म्हणाल्या आणि पाच मिनिटांत गाढ! मी पंखा तेवढा त्यांच्याकडे वळवला. काका — आमच्या गाद्यांच्या दुकानाचे मालक, सगळे त्यांना काकाच म्हणतात — कुजबुजले, "दर गुरुवारी? गिऱ्हाईक आहे की पाहुणी?" पण उठवलं त्यांनीही नाही.

दुपारी दुकान सुस्त असतं. मी उशांच्या ढिगाला टेकून टेकडीवरच्या कॉलेजचे फोटो बघते. उतरणीवरचं वाचनालय, पायऱ्यांवर बसलेली मुलं. मनाने तर मी कधीच तिथे राहायला गेलेय. खोली मिळाली, दोरीवर ओढण्यासुद्धा वाळत घातल्या!

११ जानेवारी
दादाने घरात सभा भरवली. विषय — माझं एमबीए. देशभरातली कॉलेजं चाळून झाली. प्रवेश परीक्षेत मार्क बरे आहेत, पण अनुभव? "गाद्यांच्या दुकानात नऊ महिने! अगं, नऊ महिन्यांत लोकांना मूल होतं." बहुतेक कॉलेजांना दोन-तीन वर्षं काम केलेले हवेत. उरली दोनच. एक काचेच्या इमारतीचं, मोठ्या नावाचं. दुसरं माझं टेकडीवालं.

दादाचा जीव काचेत अडकलाय. आई म्हणाली, "तिला ठरवू दे की." बाबा पेपराआड.

१७ फेब्रुवारी
काचेच्या इमारतीत मुलाखत. "तुम्ही स्वतः घेतलेला एखादा निर्णय सांगा." तोंडातून निघून गेलं — झोपलेल्या बाईंना मी उठवत नाही. तिघेही हसले. "मग गादी खपली का?" नाही. "मग फायदा?" दुकानाचं नाव होतं वगैरे काहीतरी ठोकून दिलं. त्यांना आवडलं बहुतेक. मला नाही.

३ मार्च
टेकडी! फोटोतल्यापेक्षा लहान निघाली. वाचनालयाच्या भिंतीचे पोपडे निघालेत. तरी हरखून गेले.

प्रश्न तोच, उत्तरही मी तेच दिलं. जाड चष्म्याच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं. "त्यांना घरी झोप का लागत नसेल?"

माहीत नाही.

"विचारलं नाहीत?"

नाही. इतके गुरुवार झाले, माझ्या मनातसुद्धा आलं नाही! पंखा वळवला की मी आपली माझ्यावरच खूश. परतताना नेहमीसारखी स्वप्नं रंगवायला बसले, पण डोळ्यांसमोर सारख्या त्या बाईंच्या चपला. गादीखाली नीट जोडून ठेवलेल्या.

५ मार्च
विचारलं. त्या लाजल्याच. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. रात्रभर हाका, सारखी कूस बदलून द्यायची, पाठीला जखमा झाल्यात. गुरुवारी नणंद येऊन बसते, तेवढीच सुटका. "घरी आडवी झाले की हाक ऐकू येते, मारली नसली तरी. इथे नाही येत. गादी काही घ्यायची नाहीये हो मला..." मी म्हटलं, झोपा तुम्ही.

मग एकदम लख्ख झालं. गादी सासूबाईंना हवी आहे! काका म्हणाले, "आजारी माणसांच्या हवेच्या गाद्या आपण ठेवत नाही." का? "कोणी मागितल्या नाहीत." आपण विचारलं कुणाला?

काकांनी मापाची टेप गुंडाळून ठेवली आणि हवेच्या गाद्यांची चौकशी करायला फोन लावला.

२७ मार्च
काचेच्या कॉलेजात नंबर लागला!! दादाने सगळ्या नातेवाइकांना फोन केले. आईने मला जवळ घेतलं. होकार दहा एप्रिलच्या आत कळवायचाय. टेकडीचा निकाल अजून नाही. डोळे मिटले की अजून तीच उतरण दिसते. काय करू?

८ एप्रिल
टेकडीने घेतलं नाही. निकालाखाली मॅडमची एक ओळ — "पुढे काय झालं ते सांगायला पुढच्या वर्षी या."

काचवाल्यांना मी नकार कळवून टाकला. दादा बोलत नाहीये. रडू आलं, पण पस्तावा नाही.

उद्या गुरुवार. बाई दुकानात झोपतील. मी टेप घेऊन त्यांच्या सासूबाईंकडे पलंगाचं माप घ्यायला जाणार आहे.