ओटा पांढराच

नाशिक,
१० मार्च २००३

ती. वन्सं यांस,
ज्योत्स्नाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोनच करणार होते. पण तुमचा फोन दिवाणखान्यात, तिथं सगळ्यांचे कान, आणि माझं बोलणं भांडणाचं. म्हटलं, लिहावंच.

पाथर्डी फाट्याच्या घराचं प्लास्टर झालं. आता स्वयंपाकघराचा ओटा. तर तुमच्या लाडक्या निवृत्तीनं, म्हणजे आमच्या भाऊजींनी, मला न विचारता काळा कडप्पा सांगून टाकला होता! घर माझं, डबे करून करून मी बांधलेलं, आणि ओटा ते ठरवणार. मी गोडाऊनवर गेले, कडप्पा रद्द केला आणि पांढरा दगड ठरवून आले. क्वार्टझाइट म्हणतात त्याला. दिसायला संगमरवर, पण हाडाचा कडक. बाथरूममध्ये बेसिनखालीही तोच घेतलाय.

दुकानदार आधी मला साधा संगमरवरच क्वार्टझाइट म्हणून दाखवत होता. मी घरून लिंबू नेलं होतं. त्याच्यासमोर चिरलं, दगडावर पिळलं आणि चहा पीत बसले. पुसून बघते तो तिथली चकाकी गेलेली. मग त्यानं मुकाट्यानं आतला तुकडा काढला. त्यावर लिंबू पिळलं, सुरी ओढली, काही झालं नाही. तोच घेतला.

वन्सं, लग्न झाल्यापासून मी अंधाऱ्या खोलीत काळ्या ओट्यावर पोळ्या लाटल्या. काळ्यावर घाण दिसत नाही एवढंच, ती जात नाही. मला दिसायला हवी. माहेरी वडिलांनी निवडलं, सासरी सासूबाईंनी निवडलं. हा दगड पहिल्यांदा मी निवडलाय. भाऊजींना तुम्ही समजवा.

लोभ आहेच, थोडा माझ्या बाजूनं वाढवा.
आपली,
ज्योत्स्ना


मनमाड,
१८ मार्च २००३

गं. भा. ज्योत्स्ना हिस,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले आणि मग डोक्याला हात लावला. लिंबू घेऊन दगड घ्यायला गेलेली बाई नाशकात तू एकटीच असशील. पण अगं बाई, रोज पन्नास माणसांचा स्वयंपाक तुझा. हळद, तिखट, तेल, काळा मसाला. त्या पांढऱ्याचं महिन्याभरात काय होईल? दिवसभर फडकं घेऊन बसशील. आणि मोरीतसुद्धा देवळातला दगड? दात घासायला देव येणार आहेत का?

हसण्यावारी नेऊ नकोस, दुसरंही सांगते. आमचा ललित जाऊन अजून चार वर्षं झाली नाहीत. तुझं कपाळ पांढरं, त्यात घरही पांढरं करतेस. बायका बोलतात गं. मी बोलत नाही, पण माझ्या कानावर येतं. निवृत्ती रागीट आहे, पण तुझ्या वाइटावर नाही. सिंहस्थ लागला की वर्षभर वास्तुशांत करता येणार नाही म्हणून तो धावपळ करतोय. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, मुहूर्त त्यानंच काढला. पूजेला तो आणि तुझी जाऊ बसतील, तुला त्रास नको.

दगड घेतलास तर घेतलास. पण बसवला की मला कळव. नव्या ओट्याची पूजा सवाष्णीच्या हातून व्हायला हवी. मी स्वतः येते.

तुझी काळजी करणारी,
आक्का


नाशिक,
११ एप्रिल २००३

ती. वन्सं यांस,
ज्योत्स्नाचा नमस्कार. वि. वि.

तुम्ही परवा गेलात तेव्हा मी काही बोलले नाही. माणसं होती. आता बोलते, राग आला तर येऊ द्या.

मल्हारी गवंडी जेवायला जाण्याआधी सांगून गेला होता की, दगड अजून कोरडा आहे, डाग आत मुरू नये म्हणून त्याला वरचं औषध उद्या चोळायचं, तोवर त्यावर पाण्याचा थेंब पाडू नका. मी तुम्हाला ते सांगितलंही. भाऊजी म्हणाले, पूजेला गवंड्याची परवानगी लागत नाही. तुम्ही ओट्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढलीत, वर नारळ फोडलात. नारळाचं पाणी आणि कुंकू मिळून दगडात गेलं. आता माझ्या पांढऱ्या ओट्यावर शेगडीच्या जागी पाच लाल पट्टे आहेत. मल्हारीनं लेप लावला, रंग जरा फिका झाला, पण गेला नाही. बिचारा माझ्यापेक्षा जास्त हळहळला.

डागाचं मला काही वाटत नाही. खरंच नाही. पण पूजेच्या वेळी मी ताट घेऊन पुढे आले, तेव्हा तुम्ही हातानं मला मागं सारलंत. दारात थांब म्हणालात. वन्सं, माझं स्वयंपाकघर! मी रक्त आटवून बांधलेलं! आणि मी दारात उभी, शेजारच्या बायका आत. त्या रात्री मी जेवले नाही. तुमचा भाऊ आजारी होता तेव्हा त्याचं सगळं मी केलं, तेव्हा मला कुणी मागं सारलं नाही.

आणि एक. पाकिटावर गं. भा. लिहू नका. पोस्टमन मला ज्योत्स्नाबाई म्हणून ओळखतो, तेवढं नाव पुरे.

लोभ असावा, रागही चालेल.
ज्योत्स्ना


मनमाड,
१९ एप्रिल २००३

चि. ज्योत्स्ना हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एवढं फाडफाड लिहायला तुला कुणी शिकवलं? मी वाईट हेतूनं केलं नाही. आमच्या आईनं असंच केलं, तिच्या सासूनं असंच केलं. तुझं चांगलं व्हावं म्हणून भरल्या उन्हात एसटीनं आले, आणि तू मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतेस. मला फार लागलं.

औषधाचं माझं चुकलं, ते कबूल. त्या दगडाचा मला काय पत्ता! आमच्या कडप्प्यावर आजवर किती नारळ फुटले, त्याला कधी काही झालं नाही.

पण आता प्रकरण वाढलंय. निवृत्ती काल इथं आला होता. त्याचं म्हणणं, पांढऱ्या दगडानं सवाष्णीचं कुंकू गिळलं, हा अपशकुन आहे. दगड काढून काळा ग्रॅनाइट बसवला तरच तो आणि तुझी जाऊ पूजेला बसतील. नाहीतर दोघं येणार नाहीत आणि नातेवाइकांनाही येऊ देणार नाही. मी पुष्कळ समजावलं. तो ऐकत नाही, आणि तूही ऐकणारी नाहीस. मधल्यामधे मी मरते.

ज्योत्स्ना, एका दगडासाठी माणसं तोडू नकोस. पूजेला जोडपं लागतं. ते तू आणणार कुठून? एकदा घे गं पडतं. काळा बसव. वास्तुशांत नीट होऊ दे.

तुझी,
आक्का


नाशिक,
२३ एप्रिल २००३

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला लागलं, त्याचं मला वाईट वाटतं. एसटीनं उन्हात आलात हे मी विसरलेले नाही. पण पडतं मी घेणार नाही. आजवर घेतलं तेवढं पुरे झालं.

ओटा पांढराच राहील. त्यावर पट्टे आहेत तेही राहू देत. मल्हारीला मी आणखी लेप लावू दिला नाही, औषध चोळून घेतलं आणि त्याला वाटेला लावलं. परवापासून त्याच ओट्यावर, जुनी शेगडी ठेवून, डबे होतात. हळद सांडते, पुसली की जाते. सातपूरच्या माणसांच्या डब्यात अपशकुन उतरला असता तर एकानं तरी तक्रार केली असती.

भाऊजींना निरोप द्या की त्यांनी तसदी घेऊ नये. जोडपं मला नको. होम नको, पाटावर कुणी बसायला नको. आखाजीला सकाळी मी स्वतः नवी शेगडी पेटवीन, त्या शेगडीला हळदकुंकू मी वाहीन आणि दूध मीच उतू घालीन. मी घरात आहे तर घर रिकामं नाही, आणि माझ्या पायगुणावर चालणारं घर मला चालतं. ज्यांना यायचंय त्यांनी यावं, पुरणपोळी आहे. ज्यांना यायचं नाही त्यांची पोळी मी गड्यांना वाढीन.

तुम्हाला या म्हणत नाही, येऊ नका असंही म्हणत नाही. तुमची ओढाताण मला कळते.

तुमच्यावर लोभ आहे, म्हणूनच एवढं लिहिते.
ज्योत्स्ना


मनमाड,
९ मे २००३

चि. ज्योत्स्ना हिस,
आक्काचे पोटभर आशीर्वाद.

सुखरूप पोचले. निवृत्ती माझ्या आधी इथं येऊन बसला होता. मला पाहून त्यानं पहिलं हेच विचारलं की, मी नको म्हटलेलं असताना तू गेलीसच कशी. मी म्हटलं, आखाजीला मी माहेरी जाते, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. ललितचं घर तेही माझं माहेर, आणि त्या घरात आता जी आहे ती ज्योत्स्ना. मग त्यानं विचारलं की शेगडीला हळदकुंकू कुणी वाहिलं. मी खरं तेच सांगितलं. करंडा मी आणला, मी तिच्यापुढे धरला, तिनं वाहिलं. चहा अर्धा टाकून गेला. जाऊ दे. येईल परत, जातो कुठं!

शेजारच्या बायका तुझ्या हाताकडे बघत होत्या, आणि मी त्यांच्याकडे. एक जरी बोलली असती ना, तर मी तिला सोडलं नसतं. दूध उतू जाऊन त्या पांढऱ्यावरून वाहिलं तेव्हा तू हसलीस. ललित गेल्यावर तुला असं हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि आमच्यामुळेच पाहिलं नव्हतं, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

आता तुला एक सांगते, ते अजून मुलांनाही सांगितलेलं नाही. निवृत्ती गेला त्याच रात्री, गेल्या वर्षीसारखं, यांच्या छातीत पुन्हा दुखलं. रेल्वेच्या दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर मोकळं काही बोलत नाहीत. काल यांच्या उशाशी बसले होते आणि मनात भलतंच येत होतं. यांना काही होईल ही भीती होतीच. पण त्यामागं दुसरीही होती. उद्या मला कोण दारात उभं करेल, कुणाच्या स्वयंपाकघराच्या दारात, आणि मी तशी किती वर्षं उभी राहीन.

देव करो आणि ती वेळ न येवो. पण आली तर मी कुणाच्या दारात थांबणार नाही. सरळ तुझ्याकडे येईन, आत येईन, ओट्याशी उभी राहीन. मला कुणी मागं हो म्हणालं तर त्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटेलच असं नाही, मी आयुष्यभर उलटंच शिकले. तेव्हा तू बोल. मोठ्यानं बोल.

तुझीच,
आक्का