सारजाचा खोकला

९ डिसेंबर १९३४, रविवार. सांगवी

पोहोचले एकदाची. दौंडहून बारामतीला येणारी छोटी गाडी इतकी रमतगमत चालते की एक गृहस्थ मध्येच उतरले, रुळाकडेची बोरं तोडली आणि परत चढले. कितीतरी दिवसांनी मला खळखळून हसू आलं. स्टेशनावर गेणबा नावाचा गडी बैलगाडी घेऊन आला होता. सांगवीपर्यंत दोन्ही अंगांना ऊस आणि गुऱ्हाळांच्या धुराचा गोड वास.

घर मळ्यात आहे, नवंकोरं. मंगळुरी कौलं, खिडक्यांना काचा. माणसं तीनच: मालक मोहनराव, त्यांच्या थोरल्या विधवा बहीण द्वारकाबाई आणि माझी रोगी, पाच वर्षांची सारजा. आई गेल्या हिवाळ्यात वारली. पोर दीड महिना रात्रीची खोकते आहे, म्हणून बारामतीच्या डॉक्टरांनी पुण्याहून नर्स मागवली. चाळीस खाटांच्या वॉर्डात सहा वर्षं रात्रपाळ्या काढल्यावर ही एका खाटेची नोकरी म्हणजे मला माहेरपणच. सारजाच्याच खोलीत माझा पलंग घातलाय. गादी कापसाची, नवी.

११ डिसेंबर

मुलगी गोड आहे. माझ्या डोक्यावरची पांढरी टोपी तिला फार आवडली. दिवसभर घालून हिंडली. छाती तपासली, स्वच्छ आहे. ताप नाही, घसा लाल नाही, कफ नाही. दिवसा एकदाही खोकत नाही. गुऱ्हाळाच्या काट्यावर वजन केलं, पंधरा शेर भरलं. तिला पलीकडच्या पारड्यात गुळाची ढेप पाहून हसू आवरेना.

खोकला सुरू झाला रात्री दीडच्या सुमारास. कोरडा. तीन वेळा खोकते, मग गप्प राहते. मग पुन्हा तीन वेळा. अडुळशाचा काढा मधातून दिला, ओव्याच्या पुरचुंडीनं छाती शेकली. पहाटे थांबला.

१४ डिसेंबर

आणखी तीन रात्री झाल्या. ज्येष्ठमध झाला, निलगिरीचा वाफारा झाला, अळशीचं पोटीस झालं. उतार नाही. मी इथे विसावा घ्यायला आले असं वाटलं होतं. डोळ्यांची नुसती आग होते.

एक गोष्ट लिहायला लाज वाटते. तिन्ही रात्री खोकला ऐन जोरात असताना मला झोप लागली. सहा वर्षांत एकाही पाळीला डोळा मिटला नव्हता.

आज सकाळी सारजाच्या छातीला तेल लागलेलं होतं. तिळाचं, ओवा घालून कढवलेलं. मी लावलं नव्हतं. द्वारकाबाईंना विचारलं, तर त्या निवडायला घेतलेल्या तांदळावरून मान वर न करता म्हणाल्या, की त्यांनीही नाही.

१८ डिसेंबर

वजन चौदा शेर. मी काटा दोनदा बघितला. जेवते चांगली, मग शेरभर मांस गेलं कुठे?

द्वारकाबाईंकडून सारजाच्या आईची हकिगत कळली. नाव कुशाबाई. गेल्या साली सारजाला डांग्या खोकला झाला होता. आईनं दोन महिने रात्रीला पाठ टेकली नाही. तेल चोळायची, छातीवर थोपटायची. मोहनराव हंगामापायी गुऱ्हाळावरच निजायचे. पोर बरी झाली आणि आई तापानं गेली. पहाटे बघितलं तेव्हा बसल्या जागीच होती, हात पोरीच्या छातीवर. तो सोडवावा लागला.

हे सांगून त्या चुलीपाशी गेल्या.

१९ डिसेंबर

काल रात्री झोप येऊ नये म्हणून मिरे चघळत बसले. दीड वाजला. कंदिलाची वात मोठी केली होती. सारजा डोळे उघडून पडली होती, खोकला नव्हताच. तिनं दाराकडे पाहिलं आणि मग खोकली. मुद्दाम. तीनदा. मग ऐकत राहिली.

मी जवळ जाऊन विचारलं, की बाळ, तू खोटं का खोकतेस? ती चिडली नाही की घाबरली नाही. हळूच म्हणाली,

“खोकलं की आई येती.”

तेवढ्यात तिच्या अंगावरची गोधडी छातीपाशी दबली. वर आली. पुन्हा दबली. कुणी थोपटावं तशी. तिथे कुणी नव्हतं.

मी नर्स आहे. नाडी धरली. ऐंशी. थोपटणं जसं संथ होत गेलं तशी नाडीही त्याच्यामागे गेली. सत्तर. साठ. चौपन्न. पोरीचे ओठ निळसर झाले. मी तिला उचलून गदगदा हलवलं तेव्हा कुठे तिनं श्वास घेतला. आणि रडायला लागली, की तू आईला घालवलीस.

२० डिसेंबर

काल मोहनरावांना सांगितलं. ते हसले. नर्सबाई, जागरणानं असं होतं, म्हणाले. मी पुण्याला परत जाते म्हटल्यावर मात्र रात्री स्वतः येऊन बसले.

दीड वाजता सारजा खोकली. गोधडी हलायला लागली. मोहनराव उठले, बायकोचं नाव घेतलं. दोनदा. थोपटणं थांबलं नाही. त्यांनी गोधडीवर हात ठेवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. मी पोरीला उचललं. ते ओटीवर जाऊन खांबाला टेकून बसले. उजाडल्यावर एवढंच म्हणाले,

“हात तिचाच हाय. मी एक रात न्हाय जागलो तिच्या वाटची. एक रात न्हाय.”

२२ डिसेंबर

बारामतीच्या डॉक्टरांचं अफूच्या अर्काचं औषध दिलं. सारजा काल रात्री खोकलीच नाही. मला वाटलं, सुटलो.

दीडनंतर पावलं. आधी स्वयंपाकघरात, मग माजघरात, मग ओटीवर. प्रत्येक दार उघडत होतं. पहाटे ती आमच्या खोलीत पोहोचलीच. सकाळी सारजा जागी होईना. नाडी अठ्ठेचाळीस. आठ वाजता डोळे उघडले.

घरभर भिंतींना, पोराच्या उंचीवर, तेलाचे हात उमटले होते. द्वारकाबाई राखेनं पुसत होत्या. मला म्हणाल्या, “खोकला ऐकू आला न्हाय की ती घरभर हुडकती. मागल्या महिन्यात बारामतीला पावण्यांकडं नेली हुती पोरीला. तितं खोकली, तर तितं बी आली.”

वजन तेरा शेर.

२३ डिसेंबर

कुशाबाईला पोर ओळखू येत नसावी. तिला खोकलाच तेवढा ओळखू येतो. दोन महिने जागून माणसाचं दुसरं काय उरणार? वॉर्डात मीही तशीच होते. कोण खोकतंय ते न बघता उठायची.

दुपारी तिघे बसून ठरवलं. उद्या तिन्हीसांजेला मोहनराव आणि द्वारकाबाई सारजाला घेऊन पळसदेवला निघतील, तिच्या मामाकडे. वाटेत तिला औषध देऊन निजवायची. आणि इथे, तिच्या अंथरुणात, तिच्या गोधडीखाली मी खोकायचं. चार-पाच रात्री. तोवर पोरीची सवय मोडेल.

हे मीच सुचवलं. द्वारकाबाईंनी माझे दोन्ही हात धरले. त्या म्हणाल्या, बाई, तुमी परक्याच्या पोरीसाठी कशाला? या पोरीचे ओठ पुन्हा निळे झालेले मला बघायचे नाहीत, एवढंच.

२४ डिसेंबर

गाडी गेली. निघताना सारजानं विचारलं, की आई पळसदेवला येईल का? द्वारकाबाईंनी तिला पदराखाली घेतलं.

आता घरात मी एकटी. गेणबा गोठ्यात निजतो.

२५ डिसेंबर

आली.

तीनदा खोकले, थांबले, तीनदा खोकले. दार उघडलं. ओव्याचा वास. मग हात छातीवर. गार, पण हळुवार. फार हळुवार. मी स्वतःची नाडी धरून पडले होते. छप्पन्नवर आली तशी उठून बसले, दिवा मोठा केला. गेली.

२७ डिसेंबर

गेणबा पळसदेवचा निरोप घेऊन आला. सारजा दोन रात्री सलग झोपली. न खोकता. काल मामेभावंडांबरोबर नदीला गेली, भाकरी मागून खाल्ली. आईचं नाव एकदाच काढलं.

मी ओसरीवर बसून रडले. आनंदानंच.

रात्री पुन्हा आली. पन्नासपर्यंत पडून राहिले. उठायचा कंटाळा आला.

२९ डिसेंबर

पाच रात्री झाल्या. आज पुण्याला निघायचं होतं. पेटी भरली.

दुपारी खोकला आला. मी खोकले नव्हते — म्हणजे, मुद्दाम नाही. छाती तपासता येईना, स्वतःची. गेणबा म्हणाला, बाई, तुमचं तोंड पांढरं पडलंय.

उद्या जाईन.

३० डिसेंबर

निघाले नाही. खोकला राहत नाही. या खोकल्यानं ती पुण्याला येईल — चाळीस खाटा, सगळ्या खोकणाऱ्या —

नको. इथेच बरं.

रात्र

गेणबाला चिठ्ठी देऊन पळसदेवला पाठवलं. सारजाला इतक्यात आणू नका. खोली बंद करा. मी कशी आहे ते बघायला येऊ नका.

दिवा लावला नाही. चांदण्यात लिहिते आहे. खोकला — थांबत नाही — आता तीनदाच असंही नाही —

दार.

भीती वाटेल असं वाटलं होतं. नाडी मोजावीशी वाटत नाही. हात आला. तेल कोमट करून आणलंय तिनं आज. थोपटते आहे. मी तिला सांगितलं, की बाई, मी सारजा नव्हे, तुझी लेक बरी आहे, पळसदेवला आहे, तू नीज आता. ती ऐकत नाही. तिला नुसतं थोपटायचं आहे. किती दमली असेल ती. आणि मी — मला कुणी असं कधी —

तिला जागा करून देते आहे, अंथरुणात, जरा सरकून —