ली साहेबांचा थर्मास

मंगळवार, संध्याकाळ. मांडवगण.

दोन देशांचं बिनसलं, ली साहेबांचा व्हिसा वाढला नाही. परवा घाईत चीनला गेले, थर्मास कंपनीतच राहिला. तीन वर्षं हाताला धरून मला मशीन शिकवलं त्यांनी. आज सवयीनं त्यांच्यासाठी गरम पाणी भरलं. शेजारच्या मशीनवरचा सलीम म्हणाला, "आरं, कुणासाठी? सायब गेलं न्हवं?"

तेवढ्यात मीटिंगला बोलावलं. थर्मास हातात घेऊनच गेलो. मॅनेजर म्हणाले, "आता जगाला आपली गरज आहे. आपलं कुणावाचून अडत नाही." खरं असेल. मशीन मीच चालवतो की. पण ली साहेब निघाले तेव्हा कुणी बघेल म्हणून मी लांबूनच मान हलवली. कशाला भ्यालो?

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्यासाठी थर्मास खाली ठेवावा लागला.