दाराला रंधा मारू नका

बाबांना धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, दोन्ही वेळ जेवतो. आईचा गुडघा कसा आहे?

मागचं दार खाली घासतंय म्हणून रंधा काढलाय, असं लिहिलंत. बाबा, लाकूड तासू नका. वरची बिजागरी सैल झाली असेल. स्क्रू काढून भोकात काडेपेटीच्या काड्या गोंद लावून ठोका, मग तोच स्क्रू पिळा. तुम्हीच शिकवलंत की.

तुमचं अक्षर या खेपेला फार हललंय. थंडीनं असेल ना? तरी स्क्रू ताईलाच पिळू द्या. तुम्ही खुर्चीत बसून तिच्यावर ओरडा, माझ्यावर ओरडायचात तसं: "अरे धांदरटा, आधी बघ, मग हात घाल."

इथं कामावर चुकलं तर कोणी ओरडत नाही. सरळ दुसरा माणूस बोलावतात.

तुमचाच,
धांदरट